रोझेनवॉल्ड निधी
रोझेनवॉल्ड निधी : (ज्युलियस रोझेनवॉल्ड फंड). अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील दक्षिणेकडील राज्यांत ग्रामीण कृष्णवर्णीय मुलांसाठी सार्वजनिक शाळा उभारण्यास साहाय्य करणारा धर्मादाय न्यास. शिकागो येथील उद्योगपती ज्युलियस रोझेनवॉल्ड (१२ ऑगस्ट १८६२–६ जानेवारी १९३२) याने ३० ऑक्टोबर १९१७ रोजी इलिनॉय राज्याच्या कायद्यानुसार हा न्यास स्थापन केला. १९४८ मध्ये, संस्थापकाने ठरवून दिल्याप्रमाणे सर्व मूळ भांडवल खर्च करून, तो विसर्जित करण्यात आला. शाळाबांधणीचे काम न्यासाच्या स्थापनेपूर्वी, १९१२ मध्येच सुरू झाले होते आणि ते १९३२ पर्यंत चालले. या वीस वर्षांत पंधरा राज्यांतील ८८३ काउंट्यांमध्ये (काउंटी हा तेथील जिल्ह्यासारखा स्थानिक प्रशासकीय घटक होय) एकूण ५,३५७ इमारती उभ्या राहिल्या. त्यांपैकी ४,९७७ शाळा, २१७ शिक्षकनिवास आणि १६३ कार्यशाळा होत्या. या शाळा ‘रोझेनवॉल्ड शाळा’ या नावाने ओळखल्या जात असल्या, तरी त्यांच्या खर्चाचा एकषष्ठांशाहूनही कमी भाग निधीने दिला होता. उरलेला पैसा कोणी व का दिला, हाच या निधीच्या इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न आहे.

पार्श्वभूमी : यादवी युद्धानंतर (१८६१–६५) गुलामगिरी नष्ट झाली आणि दक्षिणेतील राज्यांत प्रथमच सार्वत्रिक सार्वजनिक शिक्षणव्यवस्था निर्माण झाली. मात्र १८९० नंतरच्या दोन दशकांत मतदानकर, साक्षरतेची परीक्षा यांसारख्या उपायांनी कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ सर्वत्र काढून घेण्यात आला. १८९६ मध्ये प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘विभक्त परंतु समान’ सोयींचे तत्त्व मान्य केल्यामुळे गोऱ्या व काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळांना घटनात्मक मान्यता मिळाली. सोयी विभक्त राहिल्या. समान मात्र कधीच झाल्या नाहीत. राज्य सरकारकडून काउंटीला मिळणारे अनुदान सर्व मुलांच्या संख्येवरून ठरे; परंतु त्याची वाटणी गोऱ्या मतदारांनी निवडलेल्या स्थानिक शिक्षण मंडळाच्या हाती असे. मताधिकार नसलेल्या समाजाच्या मुलांच्या वाट्याचा पैसा गोऱ्या मुलांच्या शाळांकडे वळविणे त्यामुळे सोपे झाले. ग्रामीण भागातील कृष्णवर्णीयांच्या शाळा बहुधा चर्चमध्ये, जुन्या लाकडी खोपटांत किंवा भाड्याच्या जागेत भरत. बाक व फळा यांचीही तेथे वानवा असे. शाळेचे सत्र कापसाच्या पेरणी-वेचणीच्या हंगामानुसार चार-पाच महिन्यांचे, कधी त्याहूनही कमी असे.

अशा परिस्थितीत उत्तरेतील काही दात्यांचे न्यास शिक्षणासाठी मदत करीत होते. जॉर्ज पीबॉडीचा निधी (१८६७), जॉन स्लेटरचा निधी (१८८२), रॉकफेलरच्या देणगीतून निघालेले सामान्य शिक्षण मंडळ (१९०२) व ॲना जीन्सचा निधी (१९०७) हे त्यांतील प्रमुख होत. यांपैकी जीन्स निधीच्या साहाय्याने नेमलेल्या फिरत्या पर्यवेक्षक शिक्षिका खेडोपाडी जाऊन शाळांना मार्गदर्शन करीत. पुढे रोझेनवॉल्ड शाळांसाठी वर्गणी जमविण्याच्या कामीही त्यांचा मोठा उपयोग झाला. तथापि खेड्यातील शाळेची इमारत ही मूलभूत गरज बहुतेक ठिकाणी अपुरीच राहिली होती.

रोझेनवॉल्ड व वॉशिंग्टन : रोझेनवॉल्डचा जन्म स्प्रिंगफील्ड (इलिनॉय) येथे जर्मनीतून आलेल्या एका ज्यू कापडव्यापाऱ्याच्या कुटुंबात झाला. तयार कपड्यांच्या व्यवसायात उमेदवारी केल्यावर १८९५ मध्ये तो ‘सीअर्स, रोबक आणि कंपनी’ या टपालाद्वारे माल विकणाऱ्या शिकागोच्या पेढीत भागीदार झाला. १९०८ ते १९२४ या काळात तो तिचा अध्यक्ष होता. सूचिपत्रावरून खेड्यातील शेतकऱ्यांना घरबसल्या माल पुरविणारी ही पेढी या काळात देशातील सर्वांत मोठ्या व्यापारी संस्थांपैकी एक बनली आणि रोझेनवॉल्डला विपुल संपत्ती मिळाली.

कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाकडे त्याचे लक्ष १९१० च्या सुमारास वळले. त्या वेळी त्याने असे जाहीर केले, की जे शहर कृष्णवर्णीय तरुणांच्या यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या वास्तूसाठी ७५,००० डॉलर जमवील, त्याला आपण २५,००० डॉलर देऊ. दात्याने काही भाग द्यावा व उरलेला भाग लाभार्थी समाजाने उभा करावा, हे त्याच्या पुढील सर्व कार्याचे सूत्र येथेच दिसते. १९११ मध्ये त्याची बुकर टी. वॉशिंग्टन (१८५६–१९१५) याच्याशी भेट झाली. जन्माने गुलाम असलेल्या वॉशिंग्टनने ॲलाबॅमा राज्यातील टस्कीगी येथे कृष्णवर्णीयांसाठी औद्योगिक व अध्यापन शिक्षणाची प्रख्यात संस्था उभी केली होती. त्याच वर्षी रोझेनवॉल्डने टस्कीगीस भेट दिली व १९१२ मध्ये तो तेथील विश्वस्त मंडळाचा सदस्य झाला.

पहिल्या सहा शाळा : आपल्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त (१९१२) रोझेनवॉल्डने निरनिराळ्या संस्थांना मोठ्या देणग्या दिल्या. त्यांत टस्कीगीच्या धर्तीवर चालणाऱ्या लहान संस्थांसाठी वॉशिंग्टनकडे सोपविलेले २५,००० डॉलर होते. त्यांतून उरलेले २,८०० डॉलर टस्कीगीच्या आसपासच्या खेड्यांत सहा शाळा बांधण्यासाठी प्रायोगिक तत्त्वावर वापरण्याची अनुज्ञा वॉशिंग्टनने मागितली व रोझेनवॉल्डने ती दिली.

यांपैकी पहिली शाळा १९१३ मध्ये लोचपोका या गावी पूर्ण झाली. तिचा हिशेब पुढील सर्व शाळांच्या दृष्टीने बोधप्रद आहे. एकूण खर्च ९४२.५० डॉलर झाला. त्यात रोझेनवॉल्डचे ३०० डॉलर होते. कृष्णवर्णीय रहिवाशांनी जमीन घेण्यासाठी १५० डॉलर जमविले आणि १३२.५० डॉलर किंमतीचे श्रमदान केले. स्थानिक गोऱ्या रहिवाशांनी ३६० डॉलर दिले. म्हणजे बाहेरच्या दात्याचा हिस्सा सुमारे एकतृतीयांश होता. हा प्रयोग यशस्वी झाल्याचे पाहून रोझेनवॉल्डने १९१४ मध्ये आणखी १०० शाळांसाठी ३०,००० डॉलर देण्याचे मान्य केले. वॉशिंग्टन नोव्हेंबर १९१५ मध्ये मरण पावला, तरी काम थांबले नाही. टस्कीगीच्या विस्तार विभागाचा प्रमुख क्लिंटन कॅलोवे याने ते पुढे चालविले आणि रोझेनवॉल्डने शाळांची मर्यादा वाढवून दिली.

न्यासाची स्थापना व कार्यपद्धती : कामाचा व्याप वैयक्तिक देणगीच्या पलीकडे गेल्यामुळे १९१७ मध्ये न्यासाची नोंदणी करण्यात आली. मानवजातीचे कल्याण असे त्याचे उद्दिष्ट व्यापक शब्दांत नमूद केले होते. परंतु पहिल्या दशकातील मुख्य कार्य ग्रामीण शाळांची बांधणी हेच राहिले. १९१९ मध्ये शालेय इमारतींचा तज्ञ फ्लेचर ड्रेस्लर याने बांधलेल्या शाळांची पाहणी केली. आराखड्यांप्रमाणे बांधकाम न होणे, देखरेखीचा अभाव असे अनेक दोष त्याच्या १९२० च्या अहवालात दाखविण्यात आले. त्यानंतर कार्यक्रमाचे संचालन टस्कीगीकडून काढून नॅशव्हिल (टेनेसी) येथील स्वतंत्र कार्यालयाकडे देण्यात आले व सॅम्युएल स्मिथ याची तेथे नेमणूक झाली. या बदलामुळे कामात शिस्त आली. परंतु कृष्णवर्णीयांच्या संस्थेच्या हातून सूत्रे जाऊन ती गोऱ्या अधिकाऱ्यांकडे गेली, हेही खरे.

निधीचे साहाय्य सशर्त असे. प्रमुख अटी पुढीलप्रमाणे होत्या : (१) निधीच्या अनुदानाइतकी किंवा त्याहून अधिक रक्कम स्थानिक लोकांनी व शासनाने मिळून उभी केली पाहिजे. रोख रकमेप्रमाणेच जमीन, लाकूड व श्रम यांचीही किंमत वर्गणी म्हणून धरली जाई. (२) जागा व इमारत यांची मालकी सार्वजनिक शिक्षण मंडळाच्या नावे झाली पाहिजे. (३) इमारत मान्य आराखड्यानुसार बांधून, रंगवून व बाक-फळे यांनी सज्ज करून पूर्ण केली पाहिजे. (४) शाळेचे सत्र किमान पाच महिन्यांचे असले पाहिजे. (५) शाळेच्या पुढील देखभालीची व शिक्षकाच्या वेतनाची जबाबदारी मंडळाने स्वीकारली पाहिजे. अनुदानाची रक्कम शिक्षकसंख्येवरून ठरे व राज्याच्या शिक्षण खात्यामार्फत दिली जाई.

या अटींपैकी दुसरी अट सर्वांत महत्त्वाची होती. त्याआधी लोकांनी चर्चच्या आवारात वा खाजगी जागेत शाळा बांधली, तर ती त्यांची त्यांनाच चालवावी लागे आणि शिक्षण मंडळ जबाबदारीतून मोकळे राही. निधीच्या योजनेत शाळा सार्वजनिक मालमत्ता बनल्याने कृष्णवर्णीय मुलांच्या शिक्षणाचे दायित्व मंडळाला कागदोपत्री तरी नाकारता येईनासे झाले. याची दुसरी बाजू अशी, की लोकांनी घाम गाळून घेतलेली जमीन ज्या मंडळावर त्यांचा एकही प्रतिनिधी नव्हता, त्याच मंडळाच्या स्वाधीन करावी लागे.

इमारतींचे स्वरूप : पहिले आराखडे टस्कीगी येथील रॉबर्ट टेलर या कृष्णवर्णीय वास्तुविशारदाच्या मार्गदर्शनाखाली तयार होऊन १९१५ मध्ये पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाले. पुढे स्मिथने नॅशव्हिलहून सुधारित आराखडे काढले व ते विनामूल्य वाटण्यात आले. एका शिक्षकाच्या शाळेपासून अनेक वर्गांच्या शाळेपर्यंत सर्व आकारांचे नकाशे त्यांत होते.

बहुसंख्य खेड्यांत वीज नसल्यामुळे सूर्यप्रकाशाचा पुरेपूर उपयोग हे या रचनेचे मुख्य तत्त्व होते. वर्गाच्या एका भिंतीत उंच खिडक्यांची सलग रांग असे. इमारतीची मांडणी शक्यतो अशी असे, की खिडक्या पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे याव्यात. बाकांची रचना प्रकाश मुलांच्या डाव्या बाजूने येईल अशी केली जाई, म्हणजे उजव्या हाताने लिहिताना हाताची सावली कागदावर पडत नसे. भिंतींना फिकट रंग देऊन प्रकाशाचे परावर्तन साधले जाई. दमट जमिनीपासून संरक्षण व्हावे म्हणून लाकडी इमारत विटांच्या किंवा काँक्रीटच्या खांबांवर उचललेली असे. हस्तव्यवसायासाठी एक खोली राखून ठेवलेली असे. दोन वर्गांमधील घडीची किंवा सरकती भिंत बाजूला केली, की गावाच्या सभेसाठी दालन तयार होई. जागा सर्वसाधारणपणे किमान दोन एकर असावी व तीत खेळाचे मैदान, बाग आणि मुलामुलींसाठी स्वतंत्र शौचकूप असावेत, अशीही अपेक्षा होती. हे आराखडे इतके सोयीचे ठरले, की त्यांवरून गोऱ्या मुलांच्या अनेक शाळाही बांधण्यात आल्या.

लोकवर्गणी व श्रमदान : ज्यांच्याकडून वर्गणीची अपेक्षा होती, त्यांतील पुष्कळजण अर्धेलीने शेती करणारी कुळे होती. वर्षाच्या शेवटी जमीनमालकाचे व दुकानदाराचे देणे भागविल्यावर त्यांच्या हाती रोकड फारशी उरत नसे. तरीही वर्गणी उभी राहिली. कापसाच्या शेताचा एक तुकडा ‘रोझेनवॉल्डचे वावर’ म्हणून राखून त्याचे उत्पन्न शाळेला दिले जाई. स्त्रिया घरून करून आणलेल्या खाद्यपदार्थांच्या डब्यांचा लिलाव करीत. मुले नाणी साठवीत. कोणी जंगलातील झाडे तोडून देई, कोणी ती गाडीने करवतीच्या गिरणीत पोहोचवी, तर कोणी सुतारकाम करी. चर्चमध्ये भरणाऱ्या सभांतून शिक्षक, धर्मोपदेशक व जीन्स निधीच्या पर्यवेक्षिका लोकांना आवाहन करीत. शाळेचे काम वर्षानुवर्षे रेंगाळल्याची उदाहरणे आहेत, त्याचप्रमाणे शाळा जाळल्या गेल्याचीही आहेत. जळालेल्या शाळेच्या जागी काही ठिकाणी लोकांनी पुन्हा वर्गणी करून नवी शाळा बांधली.

इमारतीला रोझेनवॉल्डचे नाव देण्याची अट नव्हती. बहुतेक शाळा गावाच्या, चर्चच्या किंवा स्थानिक व्यक्तीच्या नावानेच ओळखल्या जात. त्याचे छायाचित्र मात्र पुष्कळ शाळांतून लावलेले असे.

आर्थिक हिशेब : शाळाबांधणीचा कार्यक्रम १९३२ मध्ये संपला, तेव्हा एकूण खर्च २,८४,०८,५२० डॉलर झाला होता. त्याची विभागणी अशी : सार्वजनिक करनिधी १,८१,०५,८०५ डॉलर (६३.७३ टक्के), कृष्णवर्णीय नागरिकांची वर्गणी ४७,२५,८७१ डॉलर (१६.६४ टक्के), रोझेनवॉल्ड निधी ४३,६४,८६९ डॉलर (१५.३६ टक्के), आणि गोऱ्या नागरिकांची वर्गणी १२,११,९७५ डॉलर (४.२७ टक्के). या इमारतींत १४,७४७ शिक्षक व ६,६३,६१५ विद्यार्थी यांची सोय झाली. सर्वाधिक, म्हणजे ८१३ इमारती उत्तर कॅरोलायना राज्यात होत्या. १९२८ पर्यंत दक्षिणेतील ग्रामीण कृष्णवर्णीयांच्या दर पाच शाळांपैकी एक रोझेनवॉल्ड शाळा होती.

या आकड्यांवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी, की देशातील एका धनाढ्य उद्योगपतीच्या निधीपेक्षा देशातील सर्वांत गरीब समाजाने अधिक रक्कम दिली. दुसरी अशी, की जवळजवळ दोनतृतीयांश खर्च अखेरीस शासनाने केला. निधीचे थोडे पैसे व लोकांची वर्गणी पुढे आल्याखेरीज स्थानिक मंडळांनी तो केला असता, असे मानण्यास आधार नाही. निधीचे यश त्याने दिलेल्या रकमेपेक्षा त्याने शासनास द्यावयास लावलेल्या रकमेत अधिक आहे.

पुनर्रचना व नियोजित समाप्ती : १९२८ मध्ये न्यासाची पुनर्रचना झाली. रोझेनवॉल्डने आपल्या पेढीचे भागभांडवल मोठ्या प्रमाणावर त्याकडे वर्ग केले. त्यामुळे न्यासाची मत्ता सु. दोन कोटी डॉलर झाली. पूर्वी रॉकफेलर प्रतिष्ठानात काम केलेला एडविन एम्ब्री अध्यक्ष झाला. या वेळी रोझेनवॉल्डने घातलेली अट न्यासांच्या इतिहासात विशेष महत्त्वाची मानली जाते. आपल्या मृत्यूनंतर २५ वर्षांच्या आत केवळ व्याजच नव्हे, तर मुद्दलही खर्च करून न्यास बंद करावा, असे त्याने ठरवून दिले. चिरंतन न्यास कालांतराने निष्प्राण होतात, त्यांचे उद्देश कालबाह्य ठरतात आणि प्रत्येक पिढीने आपल्या काळातील गरजा आपल्या संपत्तीने भागवाव्यात, अशी त्याची विचारसरणी होती. १९२९ मध्ये एका नियतकालिकातील लेखातून त्याने ती मांडली.

त्याच वर्षी शेअरबाजार कोसळला. न्यासाची जवळजवळ सर्व मत्ता एकाच पेढीच्या भागांत असल्याने त्या भागांच्या किंमतीबरोबर न्यासाची क्षमताही घसरली. रोझेनवॉल्ड जानेवारी १९३२ मध्ये मरण पावला आणि त्याच वर्षी शाळाबांधणीचा कार्यक्रम बंद करण्यात आला. आर्थिक अडचण हे त्याचे एक कारण होते. शाळा बांधणे हे शासनाचे कर्तव्य असून दात्याने ते कायम आपल्या शिरावर घेऊ नये, हे दुसरे.

शाळाबांधणीनंतरचे कार्य : एम्ब्रीच्या कारकीर्दीत न्यासाचे कार्यक्षेत्र विस्तारले. ग्रंथसंग्रहांसाठी साहाय्य, सात राज्यांतील अकरा काउंट्यांत सर्व वंशांच्या लोकांसाठी ग्रंथालयसेवेचे प्रयोग, विद्यार्थ्यांच्या वाहतुकीची सोय, शिक्षकांचे प्रशिक्षण, आरोग्यसेवा व कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणसंस्था यांना अनुदाने देण्यात आली. १९२८ ते १९४८ या काळात देण्यात आलेल्या शिष्यवृत्त्या विशेष फलदायी ठरल्या. गायिका मॅरियन अँडरसन, कवी लँग्स्टन ह्यूझ, चित्रकार जेकब लॉरेन्स, कादंबरीकार रॅल्फ एलिसन, इतिहासकार जॉन होप फ्रँक्लिन यांचा त्यांच्या मानकऱ्यांत समावेश होतो. केनेथ व मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्यालाही शिष्यवृत्ती मिळाली होती. काळ्या व गोऱ्या बाहुल्यांच्या साहाय्याने त्यांनी केलेल्या प्रयोगांतून विभक्त जीवनाचा कृष्णवर्णीय मुलांच्या मनावर होणारा परिणाम दिसून आला आणि विभक्त शाळांविरुद्धच्या न्यायालयीन लढ्यात हे संशोधन पुढे मांडण्यात आले. अशा रीतीने ज्या निधीने विभक्त शाळा बांधल्या, त्याच्याच साहाय्याने विभक्ततेविरुद्धचा पुरावाही तयार झाला. १९४८ मध्ये, म्हणजे ठरलेल्या मुदतीपूर्वीच, निधी बंद झाला. तोवर त्याने एकूण सु. २ कोटी २० लक्ष डॉलर खर्च केले होते.

शाळांचे पुढे काय झाले : १७ मे १९५४ रोजी ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक शाळांतील वंशविभक्ती घटनाबाह्य ठरविली. दक्षिणेतील राज्यांनी दीर्घकाळ विरोध केल्यामुळे प्रत्यक्ष एकत्रीकरण मुख्यत्वे १९६० नंतरच्या दशकात व १९७० च्या सुमारास झाले. ते होताना बहुतेक ठिकाणी बंद झाल्या त्या कृष्णवर्णीयांच्याच शाळा. अनेक कृष्णवर्णीय मुख्याध्यापक व शिक्षक पदच्युत झाले. मालकी मंडळांची असल्याने इमारती विकण्यात किंवा पाडण्यात आल्या. काहींची कोठारे झाली, तर काही ओस पडल्या. क्वचित माजी विद्यार्थ्यांनी किंवा चर्चने त्या परत विकत घेतल्या. आपल्याच आजोबांनी दिलेल्या जमिनीसाठी नातवंडांना पुन्हा पैसे मोजावे लागले, असे याचे स्वरूप होते.

मूळ शाळांपैकी सु. ५०० आज शिल्लक असल्याचा अंदाज आहे. २००२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तुरक्षण न्यासाने रोझेनवॉल्ड शाळांचा समावेश देशातील अत्यंत धोक्यात असलेल्या अकरा ऐतिहासिक स्थळांच्या यादीत केला. त्यानंतर अनेक शाळांचा जीर्णोद्धार होऊन तेथे समाजमंदिरे व संग्रहालये सुरू झाली. जानेवारी २०२१ मध्ये या शाळांच्या स्मरणार्थ राष्ट्रीय उद्यान निर्माण करण्याच्या शक्यतेचा अभ्यास करण्यासाठी कायदा संमत झाला. नागरी हक्क चळवळीचा नेता व पुढे काँग्रेस-सदस्य झालेला जॉन लेविस आणि लेखिका माया अँजेलो यांचे शालेय शिक्षण अशा शाळांत झाले होते.

मूल्यमापन : रोझेनवॉल्ड निधीच्या कार्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. निधीने वंशविभक्तीला आव्हान दिले नाही, तिच्या चौकटीतच काम केले. हस्तव्यवसायाच्या शिक्षणावरील भर हा कृष्णवर्णीयांना दुय्यम स्थानी ठेवणारा होता, असा आक्षेप वॉशिंग्टनच्या हयातीतच विल्यम ड्यू बॉइस याने टस्कीगीच्या शिक्षणपद्धतीवर घेतला होता. इतिहासकार जेम्स अँडरसन याने १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या योजनेचे वर्णन दुहेरी करआकारणी असे केले. कृष्णवर्णीय नागरिक इतरांप्रमाणे कर भरीतच होते. त्या करांतून मिळावयास हवी असलेली शाळा मिळविण्यासाठी त्यांना वर्गणीच्या रूपाने पुन्हा पैसे द्यावे लागले. गोऱ्या मुलांच्या पालकांना अशी अट कोणी घातली नव्हती.

हा आक्षेप साधार आहे. मात्र त्यावरून ही योजना निष्फळ होती, असा निष्कर्ष निघत नाही. डॅनियल ॲरनसन व भाषकर मजुमदार या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की पहिल्या व दुसऱ्या महायुद्धांच्या दरम्यान दक्षिणेतील काळ्या व गोऱ्या मुलांच्या शालेय शिक्षणातील अंतर जे कमी झाले, त्याचा बराच मोठा भाग या शाळांमुळे घडून आला. शाळेत घालविलेली वर्षे, साक्षरता व पुढील मिळकत यांत लाभ दिसून आला. शिवाय वर्गणी जमविणे, समित्या चालविणे, काउंटीच्या कचेरीत जाऊन मागणी करणे या गोष्टींचा मताधिकार नसलेल्या समाजाला झालेला सराव हा आकड्यांत न मावणारा लाभ होता.

लोकांनी निम्मे द्यावे, मग आम्ही निम्मे देऊ, हे तत्त्व पुढे जगभर शैक्षणिक साहाय्यासाठी वापरले गेले. त्याचा परिणाम ते कोणाला लावले जाते यावर अवलंबून असतो. कॅलिफोर्नियात १९७८ च्या सार्वमताने मालमत्ताकरावर मर्यादा आल्यानंतर सार्वजनिक शाळांना साहाय्य करणारी अनेक स्थानिक प्रतिष्ठाने निघाली. त्यांत सधन वस्त्यांतील पालकांनी आपल्याच मुलांच्या शाळांसाठी वर्गणी जमविली व त्यामुळे सधन आणि निर्धन वस्त्यांच्या शाळांमधील अंतर वाढण्याचा धोका निर्माण झाला. रोझेनवॉल्ड निधीने देणगी वंचितांच्या शाळेला दिली आणि तिचे दायित्व शासनावर टाकले. त्यामुळे ते अंतर काही अंशी घटले. पण ज्यांच्यापाशी सर्वांत कमी होते, त्यांच्याकडूनच सर्वांत मोठा त्याग त्यानेही घेतला. रोझेनवॉल्डच्या निधनानंतर ड्यू बॉइसने त्याच्या दातृत्वाचा गौरव करताना अमेरिकेच्या लोकशाहीचे वैगुण्य त्या दातृत्वानेच उघडे पाडले, अशा आशयाचे उद्‌गार काढले. शासनाने जे सर्व मुलांना समानतेने द्यावयास हवे होते, त्यासाठी एका व्यापाऱ्याला देणगी व गरीब कुळांना कापसाचे वावर राखून ठेवावे लागले, या वस्तुस्थितीत निधीचे मोठेपण व मर्यादा दोन्ही आहेत.